बॅकहोचा थंब पकड सोडतोय? रिलीफच्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे सगळं बघा

छोट्या ट्रॅक्टरच्या बॅकहोला नंतरून बसवलेला थंब, म्हणजे बकेटसमोर उभा राहणारा तो लोखंडी अंगठा, ओंडके दगड मुळ्या धरून उचलायला लावतात तो, त्याची एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. धरतो, पण धरून ठेवत नाही. बसवल्यावर पहिला महिना दोन महिने झकास चालतो, मग एक दिवस ओंडका वर नेता नेता निसटतो आणि लोक सरळ सिलिंडर उतरवून सील बदलायला घेतात. सील बदलूनही तेच होतं, मग कुणीतरी सांगतं की प्रेशर वाढव, आणि तिथून खरं नुकसान सुरू होतं. हा फॉल्ट मी इतक्या वेळा काढलाय की आता क्रम ठरून गेलाय, तो तसाच्या तसा लिहितो. बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार तपासण्यांतच काम होतं आणि त्यांना पाना, चिंधी आणि थोडा वेळ सोडून काही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"पकडत नाही" या एका वाक्यात सहा-सात वेगवेगळे फॉल्ट लपलेले असतात, म्हणून आधी थंब नेमकं काय करतोय ते बघा.

लिव्हर सोडलेला आहे, कुणी काही हलवत नाही, तरी थंब हळूहळू मागे सरकतोय: कुठून तरी ऑइल निसटतंय.

थंब एरवी घट्ट उभा राहतो पण बकेट आत वळवली की मागे ढकलला जातो, आणि त्या वेळी व्हॉल्व्हमधून सुंईं असा आवाज येतो: रिलीफ, म्हणजे प्रेशर जास्त झालं की ऑइलला वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडतोय. हा फॉल्ट असेलच असं नाही, पुढे सांगतो.

थंब आणि बकेट दोन्ही जागेवर, तरी माल मधल्यामध्ये फिरून निसटतो: हे मापाचं दुखणं आहे, हायड्रॉलिकचा काही संबंध नाही.

थंब बंद होतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण बंद होत नाही: कपलर (होजचा हाताने लावायचा-काढायचा जोड) किंवा होज.

दाबला की स्पंजसारखा दबतो, आचके देत चालतो: हवा, किंवा ऑइल कमी.

बटण दाबून लिव्हर ओढला तरी थंबऐवजी बकेटच हलते: वायरिंग नाहीतर डायव्हर्टर, म्हणजे ऑइल बकेटकडून थंबकडे वळवणारा व्हॉल्व्ह.

टकटक वाजतो, बाजूला डुलतो: पिना, बुश (पिनेभोवतीची नळी), आणि कधी कधी तडा.

हे ओळखायला पाच मिनिटं द्या. ज्यांनी दिली नाहीत त्यांचे चांगले सिलिंडर उगाच उघडलेले मी पाहिलेत.

हात लावायच्या आधी

बकेट आणि थंब जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, आणि मग सगळे लिव्हर दोन्हीकडे चार-पाच वेळा हलवून लाइनमधलं प्रेशर सोडा. थंब बटणावर चालत असेल तर चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, बटण दाबून लिव्हर हलवा, नाहीतर थंबच्या लाइनमधलं प्रेशर तसंच अडकून राहतं. आणि थंबला लॉक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमधलं ऑइल अडवून थंब जागेवर धरणारा व्हॉल्व्ह, असेल तर त्याच्या पुढचं, सिलिंडरच्या बाजूचं प्रेशर एवढ्याने सुटेलच असं धरू नका, तिथला जॉइंट आधी पाव फेरा ढिला करून, चिंधी धरून, हळू सोडा.

गळती शोधायला हात कधीही फिरवू नका. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की त्यातून निघणारी धार डोळ्याला दिसतही नाही, पण कातडीतून आत जाते. कातडी भेदायला १०० पीएसआयसुद्धा पुरतो असं मानलं जातं आणि आपला बॅकहो साधारण २००० ते २५०० पीएसआयवर, म्हणजे १४० ते १७० बारवर चालतो. हातमोजे यात काही वाचवत नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, ओला झाला की जागा सापडली. आणि चुकून धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसलं, तरी त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा आणि "हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय" हे शब्द तिथे सांगा. यात ऑपरेशन लागतं आणि काही तासांची दिरंगाई बोट घेऊन जाते.

पहिली तपासणी: थंब आणि बकेट एकमेकांना भेटतात का

फुकटची तपासणी आहे आणि नंतरून बसवलेल्या थंबमध्ये सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. बकेट अर्धी वळवा, थंब आणून तिच्या दातांना टेकवा, आणि बाजूने उभं राहून बघा. थंबचं टोक बकेटच्या दातांच्या रेषेत किंवा थोडं आत, तीन-चार सेंटिमीटर आत आलेलं पाहिजे. आता बकेट थोडी थोडी वळवत जा, थंब तिच्याबरोबर आणत राहा, आणि प्रत्येक ठिकाणी टोक कुठे येतं तिथे बकेटवर खडूने खूण करा. खुणा एकमेकींच्या जवळ असतील तर माप बरोबर आहे. एक खूण दातांवर आणि दुसरी वीतभर आत, असं असेल तर दोघांच्या फिरण्याचे चाप जुळत नाहीत.

कारण साधं आहे. बकेट तिच्या पिनवर फिरते, थंब स्वतःच्या पिनवर. दोन्ही पिना एकच असतील किंवा अगदी शेजारी असतील तर दोघं बरोबर फिरतात. पण बोल्टने आवळायचा किंवा डिपरला, म्हणजे बकेट धरणाऱ्या बाहेरच्या हाताला, वेल्ड करायचा तयार ब्रॅकेट असला आणि तो सोयीची जागा म्हणून वर बसवला, तर थंबची पिन बकेटच्या पिनपासून लांब जाते, मग बकेट वळवताना थंबचं टोक मालावर घासत सरकतं आणि गोल ओंडका लाटण्यासारखा फिरून बाहेर पडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पकड सुटली.

सिलिंडर नसलेला, नुसता दांडा आणि तीन भोकांचा साधा थंब असेल तर दांड्याची पिन दुसऱ्या भोकात घालून बघा. बऱ्याच जणांनी बसवला त्या दिवशी जे भोक निवडलं तेच आजपर्यंत ठेवलेलं असतं. जाड ओंडक्याला थंब उघडा लागतो, काटक्या-मुळ्यांना जवळ लागतो, एकच भोक दोन्हीला चालत नाही. त्याच वेळी भोकं गोल आहेत की लांबट झालीत तेही बघा, लांबट झाली असतील तर दांडा प्रत्येक वेळी तेवढा मागे बसणारच.

पकडायची पद्धतही इथेच बघून घ्या. आधी बकेट अर्धी वळवून मालाखाली, मग थंब मालावर, मग बकेट हलकेच आत, आणि लिव्हर सोडायचा. लिव्हर ओढून धरून ठेवलात तर तुम्ही बकेटच्या ताकदीने थंबला मागे रेटताय.

दुसरी: पिना, बुश, बोल्ट आणि डोळ्यांनी दिसणारे तडे

थंबचं टोक हाताने धरून, इंजिन बंद ठेवून, पुढेमागे आणि बाजूला हलवा. दुसऱ्याला पिनेवर बोट ठेवायला सांगा, कुठली पिन आत हलते ते बोटाला लगेच कळतं. सिलिंडर थंबला जिथे जोडलाय ते अंतर थंबच्या पिनपासून साधारण १२ सेंटिमीटर आणि थंबची लांबी ६० असेल तर सिलिंडरच्या पिनेतला १ मिलिमीटरचा प्ले (ढिलाई) टोकाला ५ मिलिमीटर होऊन दिसतो. असे दोन-तीन प्ले एकावर एक चढले की टोक बोटभर हलतं आणि माणूस सीलला दोष देतो.

बुश बदलणं स्वस्तातलं काम आहे, पिनही बरोबर बदला, कारण झिजलेल्या पिनेवर नवा बुश महिन्याभरात परत अंडाकृती होतो. ग्रीस निपल आहे का, असलं तर ग्रीस खरंच आत जातंय का ते बघा, बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. निपल चोंदलेलं असलं की वरवर ग्रीस दिसतं आणि आत पिन कोरडी.

बोल्टने आवळलेला ब्रॅकेट असेल तर बोल्ट टॉर्कने आवळा आणि डिपर आणि ब्रॅकेटवर मिळून पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की ब्रॅकेट सरकतोय.

वेल्ड केलेला असेल तर माती खरवडा, तारेच्या ब्रशने घासा आणि वेल्डच्या दोन्ही टोकांना जवळून बघा. पेंटमधून गंजाची केसासारखी बारीक तांबडी रेघ बाहेर आलेली असते, ती ओरखडा समजून सोडू नका. एकदा मी अशी रेघ अंगठ्याने पुसली, पुसली गेली, आणि कामावरच्याने बकेट थोडी दाबताच पुसलेल्या जागी परत ओली तांबडी रेघ उमटली, तडा श्वास घेत असल्यासारखा उघडमिट करत होता. असं दिसलं तर पुढची तपासणी करू नका, काम बंद. त्याचं कारण शेवटी लिहिलंय.

तिसरी: कपलर आणि होज

थंब एकाच दिशेने चालतो याचं कारण मी जितक्या वेळा शोधलं त्यातल्या बहुतेक वेळा अर्धवट बसलेला क्विक कपलर निघाला. कपलरच्या आत दोन्ही बाजूंना छोट्या गोळ्या किंवा पॉपेट असतात, पूर्ण बसल्याशिवाय त्या एकमेकांना ढकलून उघडत नाहीत. अर्धवट बसल्यावर एका दिशेचं ऑइल त्यांना ढकलून निघून जातं आणि परत येणारं ऑइल त्यांना दाबून बंद करतं. हाताने ओढून बघितलं तर कपलर घट्टच वाटतो, म्हणून दिशाभूल होते. प्रेशर सोडा, कपलर काढा, दोन्ही तोंडं स्वच्छ चिंधीने पुसा, परत लावा, कॉलर पुढे येऊन क्लिक झाली पाहिजे. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा कपलर लागतच नाही, कारण अडकलेलं ऑइल तापून फुगतं आणि पॉपेट मागे जात नाही. हातोडी मारू नका, सावलीत थंड होऊ द्या किंवा वर सांगितल्यासारखं प्रेशर सोडा. आणि थंब काढून ठेवता तेव्हा कपलरला टोप्या घाला, धुळीचा कण इथूनच आत जातो आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

होज बघताना थंब पूर्ण उघडा, पूर्ण बंद, डिपर पूर्ण आत, पूर्ण बाहेर, अशा सगळ्या टोकांना नेऊन बघा. नंतरून बसवलेल्या थंबचा होज बहुतेक वेळा एका टोकाला ताणला जातो नाहीतर दुसऱ्या टोकाला थंब आणि डिपरच्या मध्ये चेपतो. वारंवार दुमडलेल्या होजचं आतलं रबर सुटून पडद्यासारखं लोंबतं, मग तो होज स्वतःच एका दिशेचा व्हॉल्व्ह होऊन बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शंका आली तर दोन होज आपसात बदला, फॉल्टची दिशा बदलली की होजच. नवा घेताना त्यावर छापलेलं वर्किंग प्रेशर तुमच्या सिस्टिमपेक्षा जास्त असल्याची खात्री करा.

चौथी: ऑइलची पातळी आणि हवा

थंब बसवल्यावर ऑइल वाढवायचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ५० मिलिमीटर बोअर आणि ३० सेंटिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर पूर्ण बाहेर असताना जवळपास ६०० मिलिलिटर ऑइल धरतो, चार-चार मीटरचे १० मिलिमीटरचे दोन होज तेवढंच धरतात. म्हणजे टाकीतून सव्वा लिटरच्या आसपास ऑइल गेलं. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हेच ऑइल गिअरबॉक्सलाही असतं, त्यामुळे पातळी खाली गेली की चढावर पंप हवा ओढतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत बॅकहो ठेवून दांडीवर पातळी बघा, आणि कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला. ऑइलला फेस असेल तर हवा आहे, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय आणि मग सगळं ऑइल आणि फिल्टर बदलावं लागतं.

हवा काढायला इंजिन आयडलवर ठेवा, थंबमध्ये काहीही न धरता तो हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा चालवा, प्रत्येक टोकाला दोन-तीन सेकंद थांबा. मग दहा मिनिटं सोडून द्या, टाकीतला फेस बसला की पातळी परत बघा. नव्या रिकाम्या सिलिंडरला पहिल्यांदाच जोरात चालवू नका.

पाचवी: बटण, वायर, डायव्हर्टर

वेगळा लिव्हर नसेल तर थंब बहुतेक करून डायव्हर्टर व्हॉल्व्हवर चालतो: बटण दाबलं की त्याच लिव्हरचं ऑइल दुसऱ्या सिलिंडरऐवजी थंबकडे वळतं. इथे आधी फ्यूज. मग कॉइल: चावी ऑन, कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि कॉइलच्या नटाजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक न्या. चटकन ओढून चिकटलं तर कॉइलला करंट पोहोचतोय. चिकटलं नाही तर मल्टीमीटर लावा, पण कनेक्टर काढून मोजू नका, जोडलेल्या कॉइलवर बटण दाबून मोजा. काढून मोजलं की १२ दिसतातच, लोड आल्यावर बारीक लांब वायरीत नाहीतर गंजलेल्या अर्थिंगमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॉइलपर्यंत १० पोहोचतं, मग स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा, अर्धाच सरकतो आणि थंब अर्धवट चालतो, बकेटही थोडी हलते. माझ्या हातून गेलेल्या इलेक्ट्रिकल फॉल्टमध्ये अर्थिंगची वायर पेंटवरच आवळलेली, हे सगळ्यात जास्त वेळा निघालंय. पेंट खरवडा, लोखंडावर आवळा.

कॉइल ओढतेय, तरी थंब हलत नाही, म्हणजे स्पूल अडकलाय. तो बाहेर काढून स्वच्छ करणं जमण्यासारखं आहे, पण सॅंडपेपर लावायचा नाही, त्याची फिट मायक्रॉनमधली असते.

सहावी: ऑइल कुठून निसटतंय

आता थंब सरकतोच आहे असं ठरलं तर मोजून बघा. मध्यम वजनाचा ओंडका धरा, जमिनीपासून वीतभर उचला, इंजिन बंद, सगळे लांब. थंबच्या रॉडवर सीलपासून बोटभर अंतरावर चिकटपट्टी लावा, आणि बकेटच्या सिलिंडरच्या रॉडवरही लावा. हे दुसरं कुणीच करत नाही. पकड दोघांची असते, बकेट एक सेंटिमीटर उघडली तरी ओंडका सुटतो आणि नाव थंबचं होतं. एकाने माझ्याकडे थंबचा सिलिंडर आणला होता, तिसऱ्यांदा सील टाकायला. मी म्हटलं सिलिंडर राहू दे, मशीन दाखव. दोन पट्ट्या लावल्या, दहा मिनिटांनी थंबची पट्टी होती तिथेच आणि बकेटची पट्टी सीलला जाऊन टेकली होती. फॉल्ट बकेटच्या लाइनमध्ये होता आणि थंबचा सिलिंडर तीनदा विनाकारण उघडला गेला होता.

दहा मिनिटांत पाच-सहा मिलिमीटर सरकला तर मी तसाच चालू देतो, साध्या स्पूलच्या व्हॉल्व्हमधून तेवढं जातंच, स्पूल आणि बॉडीत सील नसतं, फक्त बारीक फिट असते. दोन मिनिटांत बोटभर गेला तर शोधायला पाहिजे.

आता पिस्टन सीलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. थंबवर भार आला की रॉड आत ढकलला जातो. ५० मिलिमीटर बोअर, २५ मिलिमीटर रॉड धरा. रॉड १ सेंटिमीटर आत गेला तर मागच्या बाजूचं १९.६ मिलिलिटर ऑइल बाहेर पडायला बघतं, पण पुढच्या बाजूला रॉडने जागा खाल्लेली असल्याने तिथे १४.७ मिलिलिटरच मावतं. उरलेल्या ४.९ मिलिलिटरला जायला जागाच नाही. म्हणजे पिस्टनचं सील पूर्ण फाटलेलं असलं तरी दोन्ही लाइन नीट बंद असतील तर रॉड आत जाऊन जाऊन थोडाच जाईल आणि अडकेल. थंब सतत सरकतोय याचा अर्थ ऑइल सिलिंडरच्या बाहेर जातंय, व्हॉल्व्हमधून, रिलीफमधून, नाहीतर जॉइंटमधून. फाटकं सील त्यात भर घालतं, कारण तेव्हा तोच भार पूर्ण पिस्टनऐवजी फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर तोलला जातो आणि या मापात आतलं प्रेशर चौपट होतं. त्या चौपट प्रेशरने व्हॉल्व्ह आणखी गळतो आणि होज फुटायची वेळ येते. म्हणून सील खराब असेल तर बदलायचंच, पण एकट्या सीलने थंब थांबेल ही आशा धरू नका.

सील तपासायची पद्धत: थंब पूर्ण बंद करा, म्हणजे रॉड पूर्ण बाहेर, खाली टेकवा, प्रेशर सोडा. रॉडच्या बाजूचा होज सिलिंडरवरून काढा, होजच्या तोंडाला प्रेशरची टोपी आवळा. सिलिंडरच्या उघड्या पोर्टला छोटा पाइप लावून त्याचं तोंड डब्यात सोडा. इंजिन आयडलवर, थंब बंद करायच्या दिशेने लिव्हर हलकेच दाबा. उघडायच्या दिशेने चुकूनही नाही. आधी साचलेलं थोडं ऑइल येईल, ते धरू नका. त्यानंतरही धार चालूच राहिली तर सील गेलं. थेंबही नाही आला तर सिलिंडर ठीक आहे, व्हॉल्व्हकडे वळा.

सील बदलताना रॉडवरून नख फिरवा, नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवं सील टिकणार नाही. रॉड सपाट लोखंडी प्लेटवर लोळवून बघा, खालून उजेड दिसला तर वाकलाय. वाकलेला रॉड सापडला तर पुढची तपासणी नीट वाचा, कारण रॉड उगाच वाकत नाही.

सातवी: लॉक व्हॉल्व्ह आणि रिलीफ

थंब सरकू नये म्हणून सिलिंडरजवळ पायलटवर, म्हणजे दुसऱ्या लाइनमधल्या प्रेशरने, उघडणारा लॉक व्हॉल्व्ह लावतात. उपाय चांगला आहे, पण दोन गोष्टी हुकतात.

एक, लिव्हर सोडल्यावर त्याच्याकडे जाणाऱ्या दोन्ही लाइन टाकीला मोकळ्या व्हायला पाहिजेत. साध्या स्पूलमध्ये त्या बंद होतात, पायलटच्या बाजूला प्रेशर अडकून राहतं आणि लॉक थोडा उघडाच राहतो. मग नवा लॉक लावूनही थंब सरकतो आणि माणूस चक्रावतो. लॉकच्या सीटवर कचऱ्याचा एक कण बसला तरी हेच, म्हणून आधी काढून स्वच्छ करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बकेटचा सिलिंडर ७५ मिलिमीटरचा आणि थंबचा ५० चा असेल तर १४० बारवर बकेटचा रॉड साधारण ६३०० किलोने ढकलतो आणि थंबचा २८०० ने. लिंकेजमुळे टोकाला आकडे बदलतात, पण बकेट जिंकणार हे ठरलेलंच आहे. तेव्हा थंबच्या मागच्या बाजूच्या ऑइलला बाहेर पडायला वाट पाहिजे, ती वाट म्हणजे रिलीफ. हा रिलीफ लॉक आणि सिलिंडर यांच्या मध्ये असावा लागतो. लॉकच्या पलीकडे, मेन व्हॉल्व्हवर असलेला रिलीफ अडकलेल्या ऑइलपर्यंत पोहोचतच नाही. मग बकेट दाबली की रॉड वाकतो, होज फुटतो किंवा डिपरवरचा ब्रॅकेट उपटतो. लॉक लावलाय आणि मध्ये रिलीफ नाही असं दिसलं तर तो बसवेपर्यंत थंब वापरू नका.

म्हणून बकेट वळवल्यावर थंब सुंईं आवाज करत मागे जातो ते बहुतेक वेळा बरोबर चाललंय. फार लवकर, हलक्या मालावरच जात असेल तर रिलीफचं स्प्रिंग थकलंय किंवा सीटखाली कचरा आहे, किंवा कुणीतरी आधी फिरवलाय. हे गेजशिवाय ठरवता येत नाही. मी एक रिलीफ पाहिलाय ज्याचा लॉकनट चकचकीत झाला होता, पाना इतक्या वेळा लावलेला. पकड सुटली की अर्धा फेरा, परत सुटली की अर्धा फेरा, शेवटी थंब हलायचा थांबला तेव्हा मालक खूश होता, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रॉड धनुष्यासारखा वाकला आणि डिपरच्या खालच्या प्लेटला ब्रॅकेटच्या कडेने हातभर तडा गेला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रिलीफचं प्रेशर बदलायचं असेल तेव्हा. किमान २५० बारचा गेज, योग्य जॉइंट आणि मशीनचा ठरलेला आकडा हातात नसेल तर त्या स्क्रूला पाना लावू नका.

डिपरला तडा असेल तेव्हा. वरून एक वेल्ड ओढून हा तडा जात नाही. खोदताना डिपरची थंबकडची बाजू ताणली जाते, त्यावर आडवा वेल्ड मारला की त्याच्या कडेनेच नवा तडा निघतो. तड्याच्या टोकाला भोक पाडून, तडा पूर्ण कोरून, वेल्ड डिपरच्या लांबीच्या दिशेने नेऊन, वर गोल कोपऱ्यांची प्लेट घालून हे काम होतं, आणि ते स्ट्रक्चरल वेल्डिंग येणाऱ्यानेच करावं. त्याआधी बॅटरी सोडवलेली, अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, सिलिंडरच्या रॉडवर ओलं जाड कापड, एवढं तुम्ही बघा. ठिणगीचा एक थेंब क्रोमवर बसला की सील गेलं.

रॉड वाकलेला असेल, बोअरला आतून ओरखडे असतील, किंवा डायव्हर्टर साफ करूनही स्पूल अडकत असेल, तरी थांबा. होज घरच्या घरी कापून क्लिप लावून जोडू नका, या प्रेशरला क्लिप टिकत नाही.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा त्याला हे तयार ठेवा: लिव्हर सोडल्यावर सरकतो की बकेट दाबल्यावर, दहा मिनिटांत दोन्ही रॉड किती मिलिमीटर सरकले, सीलच्या तपासणीत धार आली की नाही, लॉक व्हॉल्व्ह आहे का आणि असला तर रिलीफ त्याच्या कुठल्या बाजूला आहे. हे कागदावर लिहून दिलं की तो सिलिंडर उघडण्यापासून सुरुवात करत नाही, सरळ व्हॉल्व्हला गेज लावतो.